आधी काम बघा, मग बोला: शाळेतल्या समुपदेशकांचं कोचिंग सुरू करताना

तीन दिवसांची कार्यशाळा होते. फाइल मिळते, प्रमाणपत्र मिळतं, शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो निघतो. पुढच्याच आठवड्यात सातवीतली एक मुलगी समुपदेशकाच्या दारात रडत उभी राहते आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "अगं रडू नकोस, होईल सगळं नीट." नेमकं हेच वाक्य टाळायला कार्यशाळेत शिकवलेलं असतं. त्याला परीक्षेत विचारलं तर तो उत्तरही बरोबर लिहील. गोष्ट डोक्यात पोचलेली आहे, जिभेवर अजून आलेली नाही. डोक्यापासून जिभेपर्यंतचा हा रस्ता पार करायला कोणीतरी सोबत लागतं. ती सोबत म्हणजे कोचिंग.

शाळेत मुलांच्या मनाचं आणि वागण्याचं काम करणारी माणसं अनेक असतात: समुपदेशक, शालेय मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, विशेष शिक्षक, एकाच मुलासोबत दिवसभर बसणारे शॅडो टीचर. त्यांच्यातल्या अनुभवी व्यक्तीला एक दिवस सांगितलं जातं, "आता बाकीच्यांना तुम्ही तयार करा." हा लेख त्या व्यक्तीसाठी आहे. कोचिंग म्हटलं की आपल्याला शिकवणीचा क्लास आठवतो, म्हणून आधीच सांगते: इथे फळा नाही आणि नोट्सही नाहीत. एक माणूस दुसऱ्याचं रोजचं काम जवळून बघतो, त्यावर त्याच्याशी बोलतो, त्याच्याबरोबर सराव करतो आणि काही दिवसांनी पुन्हा बघायला येतो.

यामागे संशोधनाचा आधार आहे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स हे दोघं १९८० च्या दशकापासून शिक्षकांच्या प्रशिक्षणावर काम करत होते. त्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार नुसतं व्याख्यान ऐकून किंवा प्रात्यक्षिक बघून शिकलेलं वर्गात जवळजवळ उतरतच नाही. प्रशिक्षणात सराव आणि अभिप्राय घातला तर सुमारे ५ टक्के लोक ते वापरतात, आणि पुढे प्रत्यक्ष जागेवर कोचिंग मिळालं तर हे प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत जातं. हे आकडे अंदाजाचे आहेत, त्यामुळे ते छातीठोकपणे फिरवू नयेत, पण दिशा बरोबर आहे. समुपदेशनाच्या जवळचा पुरावाही आहे. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १४० व्यावसायिकांवर केलेल्या प्रयोगात मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगच्या (बदलायची इच्छा समोरच्याच्याच तोंडून बाहेर यावी अशी बोलण्याची पद्धत) कार्यशाळेनंतर काहींना त्यांच्या कामावर अभिप्राय दिला, काहींना जास्तीत जास्त सहा कोचिंग सत्रं दिली, काहींना दोन्ही दिलं आणि काहींना फक्त कार्यशाळेवर सोडलं. ज्यांना पुढे अभिप्राय किंवा कोचिंग मिळालं, त्यांचं कौशल्य जास्त वाढलं. सहा सत्रं म्हणजे काही फार नाहीत. एका शाळेला सहज परवडतील इतकी आहेत.

पायरी १: तुम्ही कोण आहात आणि कोण नाही, हे लिहून घ्या

नवीन कोच इथेच घसरतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

शाळेत तुमच्या सहकाऱ्याच्या कामाकडे बघणारे चार निरनिराळे डोळे असू शकतात. मुख्याध्यापक मूल्यमापन करतात. त्यावर नोकरी, बढती, गोपनीय अहवाल अवलंबून असतो. क्लिनिकल सुपरवायझर केसची व्यावसायिक जबाबदारी घेतो आणि चुकीचं पाऊल पडत असेल तर थांबवतो. थेरपिस्ट त्या माणसाच्या स्वतःच्या दुखण्यावर काम करतो. कोच या तिघांपेक्षा वेगळा: त्याचं लक्ष एका कौशल्यावर असतं आणि ते कौशल्य रुजावं एवढाच त्याचा हेतू असतो.

अडचण अशी की प्रत्यक्षात एकाच माणसाच्या डोक्यावर दोन-तीन टोप्या असतात. तसं असेल तर लपवू नका. "आज मी कोच म्हणून आले आहे" किंवा "आता मला सुपरवायझर म्हणून बोलावं लागतंय" असं तोंडाने स्पष्ट म्हणा. समोरच्याला आपण कोणाशी बोलतोय हे कळलं नाही तर तो जपून बोलतो, आणि जपून बोलणाऱ्याला शिकवता येत नाही.

मुख्याध्यापक, तुम्ही आणि तो सहकारी अशा तिघांनी एकत्र बसून एका पानाचा करार लिहा. भेटी किती आणि केव्हा, किती वेळ, तुमच्या टिपा कोण वाचणार आणि कोण नाही, हे त्यात यायला हवं. मी ठेवते तो नियम असा: मुख्याध्यापकांना फक्त तीन गोष्टी कळतील. भेट झाली की नाही, कोणत्या कौशल्यावर काम चालू आहे, आणि शाळेकडून काय मदत हवी आहे. बाकी सगळं आमच्या दोघांत. याला अपवाद एकच, मुलाच्या सुरक्षिततेचा, आणि तोही करारात आधीच लिहिलेला असतो.

हा करार मी एकदा टाळला होता. मुख्याध्यापक माझ्या ओळखीच्या होत्या, सगळं तोंडी ठरलं. दुसऱ्या महिन्यात त्यांनी जिन्यात सहज विचारलं, "कशी आहे हो ती नवीन?" मीही सहज म्हणाले, "चांगली आहे, पालकांसमोर जरा गडबडते." तीन आठवड्यांनी तिच्या मूल्यमापनात 'पालकांशी संवाद कमकुवत' असा शेरा आला. ती मला काहीच बोलली नाही. पण त्यानंतर प्रत्येक भेटीत "सगळं छान चाललंय मॅडम" यापुढे एक शब्द नाही. चूक माझी होती आणि ती भरून निघायला पूर्ण शालेय सत्र गेलं.

पायरी २: पहिल्या भेटीत काहीही सुधारायला जाऊ नका

नुसतं त्यांच्याबरोबर फिरा. मधल्या सुट्टीत मुलं कुठे येऊन गाठतात, खोलीचं दार बंद होतं का, किती वेळा कोणीतरी "एक मिनिट हं" म्हणून आत डोकावतं, पर्यवेक्षणाचा तास त्यांच्या माथी किती वेळा येतो, हे बघा. बऱ्याच वेळा जे कौशल्याचं अपयश दिसतं ते मुळात वेळापत्रकाचं अपयश असतं.

इथे तुलनेसाठी एक माप हाताशी ठेवा. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे १ समुपदेशक अशी आहे. शालेय मानसशास्त्रज्ञांची संघटना ५०० मागे १ म्हणते. ज्याच्या वाट्याला याच्या कितीतरी पट मुलं आहेत, त्याला 'वेळेचं नियोजन' शिकवत बसणं हा अन्याय आहे. ते काम मुख्याध्यापकांसोबत बसून सोडवायचं. थकलेल्या माणसावर कोचिंगची आणखी एक जबाबदारी टाकलीत, तर कोचिंग हेच त्याच्या थकव्याचं कारण होतं.

पायरी ३: एक कौशल्य निवडा, आणि ते डोळ्यांना दिसेल असं लिहा

"मुलांशी नातं सुधारणं" हे ध्येय नव्हे. ते दिसत नाही, मोजता येत नाही, आणि सहा महिन्यांनी झालं की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'मूल भावना बोलून दाखवेल तेव्हा पुढचा प्रश्न विचारण्याआधी ती भावना माझ्या शब्दांत परत मांडेन.' शॅडो टीचरसाठी: 'मुलाने हात वर केला की पाच सेकंदांच्या आत, नेमकं काय चांगलं केलं ते सांगून शाबासकी देईन.' वर्तनाची नोंद ठेवणाऱ्यासाठी: 'प्रत्येक प्रसंगात तीन रकाने भरेन, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं.'

या तिसऱ्या रकान्याबद्दल थोडं बोलायलाच हवं. मूल पेन्सिल फेकतं, शॅडो टीचर धावत जवळ येतात, खाली वाकून समजावतात. त्यांच्या मते ही समज दिली. मुलाच्या दृष्टीने त्याला हवं असलेलं माणूस जवळ आलं. नोंदवहीत 'पेन्सिल फेकली, रागावले' एवढंच असेल तर हे कधीच दिसत नाही. पंधरा प्रसंगांचा तिसरा रकाना एकाखाली एक वाचला की शॅडो टीचरच्या स्वतःच्याच लक्षात येतं, आणि तुम्हाला काही सांगावं लागत नाही.

कौशल्य निवडताना ते कुठल्या थरातलं आहे तेही बघा. शाळेतलं हे काम साधारण तीन थरांत विचारात घेतात: सगळ्या मुलांसाठीचं, काही मुलांना लागणारं जास्तीचं, आणि मोजक्या मुलांसाठीचं सखोल. नवीन समुपदेशकाला सगळ्यात अवघड केस आधी हवी असते. त्याला आधी दुसऱ्या थरावर आणा. उदाहरणार्थ रोज सकाळी मुलाला दोन मिनिटं भेटणं, दिवसभर शिक्षकांकडून वागण्याचे गुण भरून घेणं आणि शाळा सुटताना पुन्हा भेटणं, ही चेक-इन चेक-आउट पद्धत. तिचं चक्र रोज फिरतं, त्यामुळे सरावाला संधी भरपूर मिळते आणि चूक झाली तरी दुसऱ्या दिवशी सावरता येते.

ध्येय कोणी ठरवायचं? शक्यतो त्यांनीच. कोचिंगवर लिहिणाऱ्या जॉन व्हिटमोर यांच्यामुळे सगळीकडे पोचलेली ग्रो (GROW) ही चार प्रश्नांची चौकट इथे उपयोगी पडते: काय साधायचं आहे, सध्या नेमकं काय होतंय, काय काय करून बघता येईल, आणि त्यातलं कोणतं, केव्हा करणार. फक्त चारही प्रश्न एका बैठकीत उरकायचा हट्ट नको. दुसरा प्रश्न, सध्या काय होतंय, याचं खरं उत्तर काम बघितल्याशिवाय मिळत नाही.

पायरी ४: काम प्रत्यक्ष बघा

मला काय म्हणायचंय ते एका वाक्यात सांगायचं तर ते हेच. ज्यात काम बघितलं जात नाही ते कोचिंग नव्हे, त्या चहाच्या वेळच्या गप्पा आहेत.

कारण माणूस स्वतःच्या कामाचं वर्णन प्रामाणिकपणे करतो, तरीही ते चुकतं. स्टीव्हन वॉलफिश आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२९ मानसिक आरोग्य व्यावसायिकांना विचारलं की बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता. सरासरी उत्तर आलं की १०० पैकी ८० जणांपेक्षा आम्ही बरे. आपण सरासरीच्या खाली आहोत असं एकानेही म्हटलं नाही. यात कोणी खोटं बोलत नव्हतं. बंद खोलीत एकट्याने काम करणाऱ्याला तुलना करायला दुसरं काही नसतं, आणि शाळेतला समुपदेशक तर बहुतेक वेळा त्या इमारतीत त्या कामाचा एकटाच असतो.

बघायचं कसं, हे शाळेत नाजूक आहे. मुलाची संमती घ्या, आणि शाळेच्या नियमाप्रमाणे पालकांची. मुलाला सांगायचं वाक्य आधी ठरवून ठेवा. मी हे वापरते: "या मॅडम माझं काम बघायला आल्या आहेत, तुझं नाही. तुला नको वाटलं तर त्या बाहेर जातील." हे वाक्य समुपदेशकानेच म्हणायचं. मूल नाही म्हणालं तर हसून उठायचं आणि दार ओढून घ्यायचं. बसताना मुलाच्या थेट नजरेसमोर बसू नका, थोडं बाजूला आणि मागे बसा. मुलाच्या गोष्टीवर मान डोलावू नका, नाहीतर ते तुमच्याकडे बघून बोलायला लागतं.

आत बसता येत नसेल तर रेकॉर्डिंग, अर्थात संमतीनेच, आणि ऐकून झालं की ते पुसून टाकायचं. तेही शक्य नसेल तर सत्र संपल्यावर लगेच, दहा मिनिटांच्या आत, समुपदेशकाने आठवतील ती वाक्यं 'तो म्हणाला, मी म्हणालो' अशी लिहून काढायची. आणि सगळे रस्ते बंद असतील तर तुम्ही मूल व्हा, त्यांनी समुपदेशक व्हावं, आणि पंधरा मिनिटं खेळा. पालकांच्या बैठका, शिक्षकांशी चर्चा, वर्गातले जीवनकौशल्यांचे तास हे सगळं बघायला मात्र काहीच अडचण नसते. सुरुवात तिथून केलीत तर उत्तम.

बघताना मत लिहू नका, वाक्यं लिहा. माझ्या वहीत उभ्या रेघा मारून चार रकाने असतात: हो-नाहीत उत्तर येणारे प्रश्न, मोकळे प्रश्न, ऐकलेलं परत मांडणं, सल्ला. प्रत्येक वेळी त्या रकान्यात एक रेघ. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगच्या मूल्यमापनात एक माप वापरतात: जितके प्रश्न तितक्या वेळा ऐकलेलं परत मांडलं तर ठीक, दुप्पट मांडलं तर चांगलं. हे माप तुमच्या मनात असू द्या. पहिल्याच दिवशी समोरच्यापुढे ठेवू नका.

पायरी ५: बोलणं

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. दार बंद. साधारण अर्धा तास.

अभिप्राय दिला की माणूस सुधारतो, हा आपला समज आहे. अव्रॅहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या जुन्या प्रयोगांचे ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून उठून 'मी कसा आहे' इकडे गेलं की अभिप्राय उलटतो, असं त्यांनी त्याचं कारण मांडलं. म्हणजे "तुम्ही फार छान समुपदेशक आहात" हे वाक्यसुद्धा निरुपद्रवी नाही. त्यातून त्यांच्या हाताला काही लागत नाही, फक्त पुढच्या वेळी ते बिरुद टिकवायची धास्ती लागते.

एक प्रसंग सांगते. ओळख पटणार नाही एवढे बदल केले आहेत. आठवीतल्या एका मुलाने वर्गमित्राला मारलं होतं. समुपदेशक सर तरुण, मनापासून काम करणारे. बावीस मिनिटांच्या सत्रात माझ्या पहिल्या रकान्यात सव्वीस रेघा झाल्या, तिसऱ्यात एक. मुलगा पूर्ण वेळ स्वेटरच्या बाहीतला निघालेला धागा बोटाभोवती गुंडाळत होता. नवव्या मिनिटाला तो खाली बघत म्हणाला, "घरी पण सगळे हेच म्हणतात." सर म्हणाले, "बरं, मग तू त्याला ढकललंस तेव्हा सर वर्गात होते का?" धागा तुटला. त्यानंतर मुलाची सगळी उत्तरं एका शब्दाची.

नंतर आम्ही बसलो.

"सर, आजच्या सत्रात तुमच्या मते काय जमलं?"

"तो आला हेच खूप. मागच्या वेळी आलाच नव्हता. आणि मी आवाज चढवला नाही."

"हो, आवाज शेवटपर्यंत तसाच होता. तो चिडला तेव्हा तुम्ही खुर्ची थोडी मागे घेतलीत, तेही मी लिहिलंय. आणि कुठे अडकल्यासारखं वाटलं?"

"मध्येच तो बंद झाला. का ते नाही कळलं."

"नवव्या मिनिटाची दोन वाक्यं माझ्याकडे जशीच्या तशी आहेत. दाखवू?"

मी वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मीही बोलले नाही. मग ते म्हणाले, "मॅडम, हे मी ऐकलंच नाही. मला शिक्षकांना रिपोर्ट द्यायचा होता ना, ते सगळं डोक्यात होतं."

या शेवटच्या वाक्यापर्यंत मी त्यांना कितीही सांगून नेऊ शकले नसते. मोकळे प्रश्न कसे विचारायचे हे त्यांना येत होतं. रिपोर्टची घाई हा खरा अडथळा होता, आणि तो वहीतल्या कुठल्याच रकान्यात नव्हता.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी त्यांना काय जमलं असं वाटतं ते, मग तुम्ही बघितलेलं एक नेमकं चांगलं, मग त्यांना कुठे अडलं ते, मग तुमच्याकडची वाक्यं किंवा रेघा, आणि मग गप्प बसणं. गप्प बसणं हा यातला सगळ्यात अवघड भाग आहे. अनुभवी माणसाच्या जिभेवर उत्तर तयार असतं. ते गिळा. सल्ला द्यायचाच झाला तर परवानगी मागून द्या: "माझ्या मनात एक आहे, सांगू का?" हे विचारलं की समोरच्याला 'नको' म्हणायची जागा राहते, आणि ती असली की बहुतेक जण 'सांगा' म्हणतात.

पायरी ६: उठा आणि करून बघा

बोलण्यावर थांबलात तर अर्धंच झालं. त्याच बैठकीत शेवटची दहा मिनिटं सराव. आमच्या त्या बैठकीत मी मुलगा झाले, बाहीशी चाळा केला आणि म्हणाले, "घरी पण सगळे हेच म्हणतात."

सरांचा पहिला प्रयत्न: "घरचे ओरडतात का तुला?" मी, म्हणजे मुलगा, म्हणाले, "हो." संपलं. त्यांना लगेच कळलं आणि ते हसले. दुसरा: "म्हणजे तुला घरी कोणी समजून घेत नाही." मी खांदे उडवले, हे त्यांनी माझ्या तोंडी घातलेलं होतं. तिसऱ्यांदा ते थोडे थांबले आणि म्हणाले, "इथेही तेच, घरीही तेच." एवढंच. पुढे प्रश्न नाही. मुलगा म्हणून मला खरोखर बोलावंसं वाटलं, आणि मी बोलले.

एकच वाक्य तीनदा-चारदा म्हणून बघायला मोठ्या माणसांना संकोच वाटतो. म्हणून आधी तुम्ही करून दाखवा, आणि थोडं चुकतमाकत दाखवा. सफाईदार प्रात्यक्षिकाने समोरच्याचा धीर खचतो. शेवटी ठरवा: हे वाक्य पुढच्या आठवड्यात कोणत्या मुलासोबत, कोणत्या दिवशी वापरणार. आणि तुम्ही पुन्हा कधी येणार. तारीख वहीत लिहा, दोघांच्याही.

जिथे कोचिंग थांबवायचं

ही पायरी नाही, पण ही सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे. मूल आत्महत्येबद्दल बोललं, कोणी त्याचा छळ करत असल्याची शंका आली, कोणाच्या जिवाला धोका दिसला, की "तुम्हाला काय वाटतं, काय पर्याय आहेत?" हे विचारणं बंद. तिथे थेट सांगायचं: मुलाला एकटं सोडू नका, अमुक व्यक्तीला आत्ता फोन करा, मी इथेच थांबते. कायद्याने आणि शाळेच्या नियमाने जी कळवण्याची जबाबदारी आहे ती त्याच दिवशी पार पाडायची. तुम्ही क्लिनिकल सुपरवायझर नसाल तर जो आहे त्याला तिथल्या तिथे सामील करून घ्या.

मात्र या प्रसंगांची तयारी शांत दिवशी कोचिंगनेच होते, आणि ती वर्षाच्या सुरुवातीलाच करून घ्या. नवीन समुपदेशकांना 'आत्महत्या' हा शब्द उच्चारायची भीती वाटते, आपण विचारलं तर मुलाच्या मनात येईल असं वाटतं. थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण हे वाचून भीती जात नाही. तुमच्यासमोर बसून "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" हे वाक्य मोठ्याने, अडखळत, मग न अडखळता म्हणून बघितलं की जाते. आत्महत्येचे विचार येणाऱ्या व्यक्तीसोबत बसून लिहायची बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांची सुरक्षा योजना आहे, तिच्या सहा पायऱ्याही अशाच घोटून घ्या: धोक्याची चाहूल देणाऱ्या खुणा, एकट्याने करता येण्यासारखं काही, मन दुसरीकडे जाईल अशी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी जवळची माणसं, व्यावसायिक मदत, आणि इजा करता येतील अशा वस्तू दूर ठेवून आसपास सुरक्षित करणं. सहावी पायरी पालकांसोबत बोलायची असते आणि नवखा माणूस नेमका तिथेच पुटपुटतो. तिचा सराव दुप्पट.

पायरी ७: माणसाचीही विचारपूस

ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली: कामाचा दर्जा राखणं, कौशल्य घडवणं आणि माणसाला पुन्हा उभारी देणं. तुम्ही सुपरवायझर नसलात तरी तिसरं काम तुमच्याही वाट्याला येतं. ज्या आठवड्यात शाळेत एखादी दुर्घटना झाली असेल त्या आठवड्यात वही बाहेर काढू नका. बसा, ऐका. त्यांच्या स्वतःच्या जुन्या जखमा उघड्या पडत आहेत असं दिसलं तर तुम्ही थेरपिस्ट होऊ नका. योग्य व्यक्तीकडे जायला मदत करा, आणि तसं आधीच्या करारात लिहिलेलं असेल तर हे बोलणं सोपं जातं.

नोंदी आणि भेटींची संख्या

नोंदी थोड्याच ठेवा. प्रत्येक भेटीनंतर चार ओळी: काय बघितलं, काय ठरलं, कोणत्या मुलासोबत (नाव लिहायचं नाही), पुढची तारीख. तीन-चार भेटींनी चार रकान्यांतल्या रेघा शेजारी शेजारी ठेवून दोघांनी बघाव्यात. बदल दिसतो, आणि दिसला नाही तर ध्येय चुकलं होतं का हेही कळतं.

एकाच वेळी किती जणांना घ्यायचं? मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये शिक्षकांच्या कोचिंगवरच्या ६० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात शिकवण्यात चांगली सुधारणा दिसली. मात्र कार्यक्रम मोठा होत गेला तसा परिणाम कमी झाला. तास वाढवले म्हणजे परिणाम वाढतो असंही तिथे दिसलं नाही. म्हणून पहिल्या वर्षी तीन-चार माणसांपेक्षा जास्त घेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. दोन आठवड्यांतून एक भेट, पण न चुकता.

पायरी ८: तुमचंही काम कोणीतरी बघू द्या

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, समोरच्याच्या परवानगीने, तुमचीच एक कोचिंगची बैठक रेकॉर्ड करा. मग घड्याळ घेऊन बसा आणि कोण किती मिनिटं बोललं ते लिहा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा अर्ध्या तासातली एकवीस मिनिटं माझी होती, आणि त्यात दोनदा मी समोरच्या मॅडमचं वाक्य अर्ध्यात तोडलं होतं. दोन्ही वेळा त्या नेमकं काय सांगत होत्या, हे मला रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला आणि विचारलं, "परवा तुम्ही त्या पालकांबद्दल काहीतरी सांगत होता आणि मी मध्येच बोलले. काय सांगत होता?"

त्या पंचवीस मिनिटं बोलल्या.